नऊ फुटी चर ढासळून माणूस आत अडकला तर त्याला कसं काढायचं?

चरावरचा_सुपरवायझर

नमस्कार. डिप्लोमा सिव्हिल झालोय, वय २६. एका तालुक्याच्या गावात ड्रेनेज लाइनच्या कामावर सुपरवायझर आहे. गेल्या मंगळवारी जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय. आमचं काय चुकलं ते मला नीट समजून घ्यायचं आहे.

चर नऊ फूट खोल, रुंदी साडेतीन फूट. वरचे चार फूट काळी माती, खाली मुरूम. एका बाजूने जुनी पाण्याची लाइन जाते, म्हणजे तिकडची माती आधी एकदा उकरून भरलेली. जेसीबीने काढलेली माती दुसऱ्या बाजूला, अगदी काठावर. पाईप जोडायला दोघं खाली होते. साडेअकराच्या सुमारास जुन्या लाइनकडची कड खाली आली. धाडकन पडली असंही नाही, जागच्या जागी बसली. एक जण पाईपवर चढून निसटला. दुसरा छातीपर्यंत गाडला गेला.

मिनिटाभरात चौघं आत उतरले. मीही उतरणार होतो, पण मुकादमाने शर्ट धरून मागे ओढलं. आतल्यांनी फावड्यांनी माती ओढायला घेतली आणि समोरची, ढिगाकडची कड सुटली. चौघांतल्या एकाचा पाय गुडघ्यापर्यंत अडकला. मग कोणीतरी ओरडलं, "दोर बांधा, बकेटला लावा." मी नको म्हणालो नाही. काखेतून दोर घातला आणि जेसीबीने उचललं. त्या माणसाचं ओरडणं अजून कानात आहे. खांदा निखळला, दोन बरगड्या मोडल्या. दुसऱ्याचा पाय आम्ही हातांनी उकरून काढला. दोघंही जिवंत आहेत.

सोमवारपासून काम परत सुरू होतंय. अजून १४० मीटर लाइन बाकी आहे. अग्निशमनची गाडी आमच्याकडे यायला निदान चाळीस मिनिटं लागतात. तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? आत उतरायचं नाही तर करायचं काय? आणि साइटवर काय सामान ठेवायचं? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगावं.

पाईपलाइनवाला

भाऊ, दोघं वाचले हेच मोठं. आमच्याकडे असं झालं की आम्ही पोकलेनने शेजारी दुसरा चर मारतो आणि आडवं जाऊन माणूस काढतो. ऑपरेटर मात्र हाताचा हलका पाहिजे. चाळीस मिनिटं वाट बघायची म्हणजे माणूस गेलाच की.

निवृत्त_तांडेल

एका महापालिकेच्या अग्निशमन दलात एकतीस वर्षं काढली, तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचा म्होरक्या, म्हणून निवृत्त झालो. चरातून आणि विहिरीतून काढलेली माणसं मोजली नाहीत. जिवंत काढलेली मात्र बोटांवर मोजता येतील, म्हणून सविस्तर लिहितो. टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आधी पोकलेनवाल्या भाऊंना. शेजारी मशीन चालवलं की त्याच्या हादऱ्याने जी कड अजून उभी आहे ती सुटते. माणूस नेमका कुठे आहे ते मातीखाली दिसत नाही, आणि बकेटच्या दाताला हाड आणि मुरूम यातला फरक कळत नाही. बाजूने उतार काढून जाण्याची पद्धत आहे, पण ती लांबून, कडांना आधार दिल्यावर आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. बकेटने जखमी झालेली माणसं मी बघितली आहेत. हा सल्ला कृपया कोणी घेऊ नका.

आता सुपरवायझर भाऊ, तुमच्या चराचा हिशेब बघा. समजा सहा फूट लांबीची कड सुटली, उंची नऊ फूट, जाडी सरासरी दोन फूट. १०८ घनफूट झाले, म्हणजे एका ब्रासपेक्षा (१०० घनफूट) थोडी जास्त माती. ओलसर माती ब्रासला साडेचार-पाच टन भरते. एवढा भार क्षणात अंगावर येतो. छातीपर्यंत गाडलेला माणूस श्वास सोडतो तेव्हा छाती आत जाते, आणि तेवढ्या जागेत माती सरकते. पुढचा श्वास तेवढाच आखूड होतो. बोलतोय म्हणून तो ठीक आहे असं समजायचं नाही.

दोर लावून ओढण्याचं सांगतो. ज्याचे पाय आणि कंबर मातीत आहेत, त्याला वरून ओढलं की सगळी ओढ खांद्यावर, मणक्यावर आणि कमरेच्या सांध्यावर येते. खालची ओली माती पाय धरून ठेवते. चिखलात रुतलेला गमबूट उपसताना कसा धरून बसतो ते आठवा, आणि इथे तर वर टनांचं वजन. त्या माणसाचा खांदाच गेला, पाठीचा कणा राहिला. तुमचं नशीब चांगलं, त्याचं त्याहून चांगलं. तुम्ही नको म्हणाला नाहीत याचा त्रास तुम्हाला होतोय हे दिसतंय. तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. आता शिकून घ्या आणि पुढच्या वेळी नको म्हणा.

माझं सांगतो. नोकरीला लागून चौथं वर्ष होतं. एका इमारतीशेजारी गटाराचा चर, आठेक फूट खोल, एक गवंडी पूर्ण गाडलेला. गाडी थांबायच्या आधी मी उडी टाकली आणि थेट चरात उतरलो. अंगात जोर होता आणि लोक बघत होते. दोन-तीन फावडी ओढली असतील, समोरची कड आली आणि मी मांडीपर्यंत अडकलो. मग आमची माणसं मला काढायला लागली, कारण मी दिसत होतो, ओरडत होतो. मला काढायला वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं त्या गवंड्याची होती. तो गेला. त्याच्या घरच्यांना हे कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

त्यामुळे तुमच्या मुकादमाने शर्ट धरून ओढलं ना, त्या माणसाला चार लोकांसमोर शाबासकी द्या.

आता पहिली दहा मिनिटं. वर राहून करायची कामं इतकी आहेत की हातावर हात ठेवायला वेळच नसतो.

सगळी इंजिनं बंद. जेसीबी काठाजवळ उभा असेल तर घाईने मागे घेऊ नका, चालू होतानाचा हादराही नको. तो हलवायचा की नाही हे नंतर बघून ठरवतात. रस्त्यावरची वाहतूक शक्य तितकी लांब थांबवा, आम्ही शंभर मीटरपर्यंत थांबवायचो. बघ्यांना मागे घ्या. काठावरची पन्नास माणसं म्हणजे तीन टन वजन झालं की.

लगेच फोन. १०१ लागतो की नाही हे आजच करून बघा. छोट्या गावात तो कधी लागत नाही, कधी भलतीकडे लागतो. जवळच्या केंद्राचा थेट नंबर मुकादमाच्या फोनमध्येही असू द्या. नाहीच लागला तर ११२. रुग्णवाहिकेला १०८. फोनवर "साइटवर अपघात झालाय" एवढंच सांगितलंत तर पाण्याची गाडी घेऊन चार जण येतील. "चर ढासळला, माणूस मातीत गाडला गेलाय" असंच म्हणायचं. खोली किती, रुंदी किती, किती जण आत, छातीपर्यंत की पूर्ण, आणि गाडी कुठल्या बाजूने आत येईल. तालुक्यातल्या केंद्राकडे आधाराचं सामान नसेल तर त्यांना पुढे मोठ्या केंद्राला कळवायला वेळ मिळतो. गावाच्या फाट्यावर एक माणूस दुचाकीवर उभा करा.

व्हॉल्व्हमनला फोन. तुमच्याकडे जुनी पाण्याची लाइन शेजारीच आहे, ती फुटली असेल तर अडकलेला माणूस पाण्यात बुडतो. मी असं एकदा बघितलंय. वीज वितरणच्या माणसालाही कळवा, केबल उघडी पडलेली असू शकते. डिझेल पंप किंवा जनरेटर चालवायचाच असेल तर लांब, वारा चराकडून त्याच्याकडे वाहत असेल अशा जागी. धूर चरात साठतो.

माणसं मोजा. मुकादमाची हजेरी वही काढा आणि नाव घेऊन हाका मारा. पूर्ण गाडलेला असेल तर ज्याने शेवटचं बघितलं त्याला काठापासून लांब उभं करून बोट दाखवायला सांगा, आणि समोरासमोर दोन्ही बाजूंना फक्कीने (आखणीच्या पांढऱ्या भुकटीने) खूण करा. अर्ध्या तासाने प्रत्येकाला वेगळी जागा आठवते. पूर्ण गाडलेला माणूस गेलाच असं धरू नका. पाईपच्या आडोशाला, कलंडलेल्या फळीखाली हवा राहते.

काठावर चालायचंच असेल तर आधी प्लायवूड नाहीतर फळ्या टाका, म्हणजे वजन पसरतं. चराच्या लांब बाजूने जवळ जायचं नाही, टोकाकडून जायचं. टोकाची कड तुलनेने टिकते. दोन शिड्या सोडा, अडकलेल्याच्या दोन्ही अंगांना. उतरायला नाही, ज्याला स्वतःहून चढता येईल त्याच्यासाठी.

आणि अडकलेल्या माणसाला कामाला लावा. हात मोकळे असतील तर वरून हेल्मेट, तोंडाला ओला रुमाल आणि एक खुरपं दोरीने सोडा. छातीसमोरची माती तोच बाजूला सारतो. तुम्ही उतरून जे करणार तेच तो करतो, आणि कोणाचा दुसरा जीव धोक्यात जात नाही. डोक्यावर घमेलं धरायला सांगा, वरून खडे पडत राहतात. एकाच माणसाने त्याच्याशी बोलायचं. दहा जणांनी ओरडायचं नाही.

पुढचं सांगतो ते आमच्यासारख्यांचं काम, पण तुम्हाला माहीत असावं. २०११ च्या आसपासची गोष्ट, दहा फूट खोल चर, माणूस काखेपर्यंत. कलबुर्गीकडचा होता, कानडीच बोलायचा. बायको त्याच साइटवर घमेली उचलायची, कडेवर वर्षाचं पोर. लोक तिला लांब नेत होते. आमच्या साहेबांनी तिला परत बोलावलं, टोकाकडे प्लायवूडवर बसवलं आणि सांगितलं, याच्याशी बोलत राहा. ती पावणेचार तास बोलत होती. काय बोलत होती मला कळलं नाही, मला कानडी येत नाही. तो मधूनच "हं" म्हणायचा आणि त्या "हं" वर आम्ही काम करत होतो.

आधी काठावरचा ढीग घमेल्यांनी मागे नेला. मग ज्या कडा अजून उभ्या होत्या त्यांना आधार. वरूनच, दोरीने, समोरासमोर जाड प्लायवूडचे तक्ते सोडले. तक्ता आणि माती यात पोकळी राहिली तिथे मातीच्या गोण्या भरल्या, कारण तक्ता मातीला टेकलाच नाही तर त्याचा उपयोग शून्य. मग दोन तक्त्यांमध्ये आडवा टेकू. सगळ्यात वरचा आधी, वरूनच बसवून. तो घट्ट झाल्यावर माणूस शिडीने तेवढाच खाली, तिथून दुसरा. ज्या खोलीपर्यंत आधार लागला त्याच्या खाली कंबर जाऊ द्यायची नाही. काढताना उलट, खालचा आधी. याला सव्वा तास गेला. वरून लोक शिव्या देत होते की हे नुसतं सुतारकाम करत बसलेत.

मग उकरणं. फावडं फक्त अंगापासून लांब, जवळ खुरपं, अगदी जवळ हात. आधी छाती मोकळी. तिथे लोकांना वाटलं आता ओढा. साहेब म्हणाले, घोट्यापर्यंत. पोट, कंबर, मांड्या, गुडघे. शेवटी डावा पाय गमबुटात असा बसला होता की निघेना, तर बूट सुरीने चिरून तिथेच ठेवला. मग पट्टा बांधून, स्ट्रेचरवर, सरळ. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. बूट अजून त्या लाइनखाली असेल.

चरावरचा_सुपरवायझर

तांडेल काका, दोनदा वाचलं. मुकादमांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, चहा सांगितला फक्त.

दोन प्रश्न. साइटवर सेंटरिंगच्या (स्लॅब ओतताना खालून लावायच्या) प्लेटा आणि प्रॉप, म्हणजे लोखंडी टेकू, आहेत. त्यांनी आम्हीच आधार देऊन उतरलो तर चालेल का? आणि ठेकेदार म्हणतात रेटमध्ये शोरिंग, म्हणजे कडांना आधार देण्याचं काम, धरलेलंच नाही.

निवृत्त_तांडेल

पहिल्याचं उत्तर: अपघात झाल्यावर नाही. प्रॉप उभा भार घ्यायला बनवलेला असतो, स्लॅबचा. आडवा लावला की तो कसा वागेल हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. शिवाय ढासळलेल्या चराची कड सरळ राहिलेली नसते, पोट सुटलेली असते. प्लेट टेकत नाही, आणि ठोकायला लागलात की तोच हादरा होतो. ज्याने हे आधी शंभरदा सराव म्हणून केलंय त्यानेच करावं. तुम्ही सामान जमवून ठेवा, ते आल्याबरोबर त्यांच्या हाती द्या. १९ मिलिमीटरचं प्लायवूड आठ-दहा शीट, सागाची नाहीतर निलगिरीची चांगली बल्ली, पाचरी, रिकाम्या गोण्या, दोन शिड्या, पंचवीस-तीस घमेली, खुरपी, जाड दोर, घोंगडी, फक्कीची एक गोणी. हे एका पत्र्याच्या पेटीत आणि तिच्याशेजारी. कामासाठी तिथलं काही घ्यायचं नाही.

दुसऱ्याचं उत्तर मी रागाने देईन, म्हणून थोडक्यात. खोदकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आहे, आयएस ३७६४. मातीतला चर १.५ मीटरपेक्षा खोल असेल तर त्याला आधार हवा असं त्यात स्पष्ट आहे. १.५ मीटर म्हणजे पाच फूट. तुमचा नऊ. रेटमध्ये नसेल तर तो रेट चुकीचा आहे. ठेकेदाराला आणि काम काढणाऱ्या कार्यालयाला लेखी द्या, पोच घ्या. उतार काढून भागेल म्हणतील, तर ढिल्या, पाणी लागणाऱ्या मातीला एकास दीड उतार धरतात. नऊ फुटाला प्रत्येक बाजूने साडेतेरा फूट. गावातल्या बोळात एवढी जागा नसते. म्हणून लोखंडी ट्रेंच बॉक्स, म्हणजे चरात उतरवायची दोन भिंतींची तयार चौकट, भाड्याने आणा, नाहीतर तक्ते आणि आडव्या बल्ल्या, माणूस खाली उतरायच्या आधी. ढासळल्यावर जे आम्ही सव्वा तासात जीव मुठीत धरून करतो, तेच सकाळी शांतपणे करता येतं.

ग्रामीण_रुग्णालय_एमओ

मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. तांडेल काकांच्या लिखाणात एक भर घालते, कारण यात मातीतून जिवंत निघालेली माणसं पुढच्या काही तासांत हातची जातात.

पाय किंवा मांड्या तासाहून जास्त दाबाखाली राहिल्या की स्नायू मरायला लागतात. आत पोटॅशियम आणि स्नायूतलं प्रथिन साठत राहतं. दाब असेपर्यंत ते तिथेच अडकून असतं. माती काढून पाय मोकळे केले की सगळं एकदम रक्तात येतं. पोटॅशियमने हृदय थांबू शकतं, आणि ते प्रथिन मूत्रपिंडं बंद पाडतं. १९४१ मध्ये लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेल्या लोकांमध्ये डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट नोंदवलं. बाहेर काढताना माणसं शुद्धीवर होती, बोलत होती, आणि पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं बंद पडून गेली.

म्हणून सलाईन आधी, सुटका नंतर. हात मोकळा आहे आणि आधार देऊन झालाय, तर १०८ च्या डॉक्टरांना तिथेच नॉर्मल सलाईन सुरू करू द्या. नॉर्मल सलाईनच. रिंगर लॅक्टेटमध्ये पोटॅशियम असतं, ते इथे नको. अडकलेला पाय दोरीने आवळून ठेवायचा असं काही लोक सांगतात, तसं स्वतःच्या मनाने करू नका. ओल्या मातीत माणूस गारठतो, उन्हाळ्यातही. वरून घोंगडी सोडा.

तुम्ही साइटवरच्या माणसांनी एकच गोष्ट नक्की करा. माती पडली ती वेळ आणि माणूस पूर्ण सुटला ती वेळ, दोन्ही कागदावर लिहून रुग्णवाहिकेत द्या. आमच्याकडे आल्यावर कोणालाच आठवत नाही आणि आमचा निर्णय त्यावर असतो. बाहेर आल्यावर "मी बरा आहे, घरी जातो" म्हणाला तरी सोडायचं नाही. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मूत्रपिंडावर आलंय.

सुपरवायझर दादा, ज्यांचा पाय अडकला होता त्यांची रक्ततपासणी झाली का? तुमच्याकडे वेळ कमी होता, बहुतेक काही नसेल, पण एकदा विचारून घ्या.

विहिरीचा_मुकादम

मी विहिरी खणतो, आतून काँक्रीटच्या रिंगा टाकतो. वडील तेच करायचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इंदापूर तालुक्यात म्हसोबाच्या वाडीला विहिरीत चार मजूर गेले, ते आमच्याच धंद्यातले. रिंगचं काम चालू होतं, शंभर फुटांच्या वर खोल. एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आलं, मशिनी लागल्या, दिवस गेले आणि चौघंही मेलेलेच निघाले. एनडीआरएफची पाचवी बटालियन सुदुंबऱ्याला, तळेगावजवळ. मनापासून काम करतात, पण तिथून येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून तांडेल साहेब म्हणतात ते पहिल्या दहा मिनिटांचं खरं.

मला पडायच्या आधीचं सांगायचंय. माती सांगते. काळी माती उन्हात ताठ उभी राहते, भिंतीसारखी, आणि माणूस फसतो. तिच्यात उभ्या भेगा असतात. एक पाऊस झाला की त्या भेगेतून पाणी आत जातं आणि आख्खा पापुद्रा सुटतो. काठाला समांतर फाट दिसली की समजा तिथपर्यंतची माती तुमची राहिली नाही. कडेतून बारीक खडे गळायला लागले, टिपटिप, की हातातलं टाकून वर यायचं. पहार तिथेच राहू दे.

पण वर येतो कोण? आमचा भाव फुटावर, पाईपवाल्यांचा रनिंग मीटरवर. वर आला की मीटर कमी. मी माझ्या माणसांना सांगून ठेवलंय, ज्याला भीती वाटली त्याने कोणाला न विचारता वर यायचं, त्या दिवसाची हजेरी पूर्ण. तीन वर्षांत दोनदा मला वाटलं पोरगं उगाच वर आलं. एकदा नव्हतं उगाच. जेवायला बसलो होतो तेव्हा पडली.

सुपरवायझर भाऊ, तुमच्या चरात पोरांना असं सांगणारं कोणी आहे का?

चरावरचा_सुपरवायझर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सोमवार, संध्याकाळी लिहितोय.

मॅडम, तुमचं वाचून त्याच दिवशी दोघांची तपासणी करून घेतली. रिपोर्ट ठीक आहेत. ज्याचा खांदा गेला त्याला भेटायला गेलो होतो. त्याला मी सांगितलं की दोर मी थांबवायला हवा होता. तो म्हणाला, तेव्हा कोणीही काहीही केलं असतं तर मी हो म्हणालो असतो, श्वास येत नव्हता. त्याचा भाऊ बाजूला होता, त्याने मान फिरवली. मी पुन्हा जाणार आहे.

ठेकेदारांना शुक्रवारी लेखी दिलं, कार्यालयात प्रत दिली, पोच घेतली. आधी फार बोलणी खाल्ली. संध्याकाळी त्यांचा फोन आला, ट्रेंच बॉक्सची चौकशी करतायत. तोवर पाच फुटांच्या खाली कोणी उतरायचं नाही असं मी मुकादमांच्या वहीत लिहून सही केली. पेटी तयार आहे. पाचरी आणि बल्ली उद्या येतील. १०१ लावून बघितला, आमच्याकडे खरंच लागत नाही. केंद्राचा थेट नंबर तिथे जाऊन घेतला, आणि तिथल्या दोघांना परवा साइट बघायला बोलावलंय.

मुकादम दादा, तुमचा प्रश्न. सांगणारं कोणी नव्हतं. आज सकाळी हजेरीच्या वेळी मी सांगितलं. मग आमचे मुकादम पुढे झाले आणि त्यांनी तेच हिंदीत आणि तेलुगूत सांगितलं. दोघांनी विचारलं, पूर्ण हजेरी नक्की ना. नक्की, म्हणालो.

सकाळी ढीग मागे घ्यायला लावला. माती हलल्यावर खालची जमीन दिसली आणि तिथे फाट होती, काठाला समांतर, साधारण अकरा फूट लांब. टेप लावला, काठापासून पाच फूट. मंगळवारी सगळे तिथेच उभे होतो. व्हॉल्व्हमनला बोलावलं, जुन्या लाइनच्या एका जोडातून पाणी झिरपत होतं, तो जोड दुपारी बदलला. आज खाली कोणीही उतरलं नाही.

निवृत्त_तांडेल

फाटेच्या दोन्ही अंगांना एकेक खिळा ठोका आणि त्यांच्यातलं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. सकाळी परत मोजा, दुपारी परत. सुतभर जरी वाढलं तरी चर भरून टाका आणि बॉक्स आल्यावर नव्याने काढा. रात्री पाऊस झाला तर सकाळची वाट बघू नका, पहारेकऱ्याला फक्कीची रेघ त्या फाटेच्या पाच फूट मागे मारायला सांगा आणि दोर बांधा. रस्त्याच्या कडेचं आहे, पोरं खेळायला येतात.

परवा केंद्रातली माणसं येतील तेव्हा त्यांना जुनी लाइन, केबल आणि गाडी वळवायची जागा दाखवा. माझं नाव सांगू नका, पण त्यातला कोणी तांडेल असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.